ऐकण्याचा मल्लखांब

'कोच' हे मुळात एका गाडीचे नाव. हंगेरीत कोच याच नावाचे एक खेडे आहे. पंधराव्या शतकापासून तेथील घोडागाड्या नावाजलेल्या होत्या, आणि गाडीबरोबर खेड्याचे नावही युरोपभर फिरले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तो शब्द थट्टेने खासगी शिकवणी घेणाऱ्या गुरुजींना लावला. विद्यार्थ्याला आपल्या गाडीत घालून परीक्षेच्या पार नेऊन सोडतो, तो कोच. इंदूरच्या भंवरकुआँ भागात माडीमाडीवर 'कोचिंग'च्या पाट्या दिसतात, त्या या जुन्या अर्थाला धरूनच आहेत. मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत या शब्दाने निराळे वळण घेतले, आणि 'लाइफ कोच' नावाचा एक नवा व्यावसायिक शहरांतून दिसू लागला. नोकरी धरावी की सोडावी, निवृत्तीनंतरचे दिवस कसे घालवावेत, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा कसे जोडावे, असले प्रश्न घेऊन माणूस त्याच्यापुढे येऊन बसतो. कोचाने त्यांचे उत्तर द्यावयाचे नसते. प्रश्न विचारीत आणि ऐकत, त्या माणसाचे उत्तर त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू येईल इथवर त्याच्या सोबतीने जावयाचे, एवढेच त्याचे काम.

यातील 'एवढेच' हा शब्द मोठा फसवा आहे. या विद्येचा एक उगम टेनिसच्या मैदानावर सापडतो. टिमथी गॅलवे हे अमेरिकेतील टेनिसचे शिक्षक. सूचनांचा भडिमार केल्याने शिकणाऱ्याचे अंग अधिकच आखडते, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी सूचना बंद केल्या आणि चेंडू जमिनीवर आपटला की 'टप्पा' व रॅकेटला लागला की 'फटका' एवढेच मोठ्याने म्हणावयास सांगितले. लक्ष चेंडूवर गेले आणि हात सुधारू लागला. १९७४ साली त्यांचे 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक निघाले. पुढे इंग्लंडातील सर जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कचेऱ्या आणि कारखाने यांत नेला. हे गृहस्थ स्वतः मोटारींच्या शर्यतींत नाव मिळवलेले. गाडीचा आणि कोचाचा संबंध असा पुन्हा एकदा जुळला. त्यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय ही प्रश्नांची चार पायऱ्यांची चढण जगभर माहीत झाली.

या पायऱ्या पाठ करावयास एक दुपार पुरे. अवघड आहे ते जीभ आवरणे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला सल्ला हा आपुलकीचाच एक प्रकार वाटतो. 'माझं ऐका' हे वाक्य ज्या घरात दिवसातून दहादा उच्चारले जाते, तेथे ऐकणे हे नेहमी दुसऱ्याचे काम असते. अशा संस्कारांत पन्नास वर्षे घालवलेल्या शिक्षकाने, बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने किंवा मुले मार्गी लागल्यावर नवे काही शिकू पाहणाऱ्या गृहिणीने कोच व्हावयाचे ठरवले, तर त्यांना नवे शिकण्यापेक्षा जुने विसरण्याचाच सराव अधिक करावा लागतो. १९९५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या कोचांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या प्रमाणपत्रांच्या तीन पायऱ्यांसाठी प्रत्यक्ष कामाचे अनुक्रमे १००, ५०० आणि २५०० तास ठरवले आहेत. हे तास खऱ्या माणसासमोर बसूनच भरावे लागतात. पण पहिल्या तासाआधी काय? जो माणूस आपले दुःख घेऊन येतो, त्याच्यावर नवशिक्याने हात साफ करून घ्यावा काय?

पैलवानांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले. पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. बडोद्यात जुम्मादादा आणि माणिकराव यांच्या आखाड्याने कसरतीची परंपरा अभिमानाने चालवली. पैलवानाने आपली पकड आधी लाकडी खांबावर घट्ट करावी. खांब दुखावत नाही, थकत नाही, शंभर वेळा मिठी मारली तरी तक्रार करीत नाही. वैद्यकीय शिक्षणातही १९६३ साली असाच एक खांब उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी धडधाकट माणसांना रोग्याची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना त्यांच्यावर तपासणीचा सराव करावयास लावले. आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ही पद्धत रूढ आहे. मात्र अशी माणसे शिकवून तयार करावी लागतात आणि त्यांना मेहनताना द्यावा लागतो. एकट्याने शिकणाऱ्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले, आणि मागाहून तशीच आणखी यंत्रे आली. त्यामुळे हा खांब आता ज्याच्या-त्याच्या हातातील फोनमध्ये येऊन बसला आहे. यंत्राला सांगावे, तू अमुक माणूस हो, ते होते.

या यंत्रांचे दोन पूर्वज येथे आठवतात. पहिले 'एलायझा'. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ते रचले आणि १९६६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुलवालीचे; त्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेली 'ती फुलराणी' १९७५ पासून मराठी रंगभूमीवर गाजली, त्यामुळे ही एलायझा मराठी माणसाला अगदीच परकी नाही. यंत्रातली एलायझा ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसत असे. कोणी 'मी उदास आहे' असे लिहिले की ती 'तुम्ही उदास आहात याचे वाईट वाटते' अशा धर्तीचे काही परत लिही. तिला अर्थ कळत नव्हता. शब्द उलटेपालटे करून परत देण्याची ती एक युक्ती होती. तरीही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने, जिने हे यंत्र घडताना महिनोन्‌महिने पाहिले होते, थोड्याच प्रश्नोत्तरांनंतर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. दुसरे यंत्र 'पॅरी'. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी ते १९७२ च्या सुमारास पुढे आणले. ते बोलणाऱ्याच्या खुर्चीत बसे, आणि तेही संशयाने पछाडलेल्या रोग्याच्या रूपाने. त्याच्या पोटात राग, भीती आणि अविश्वास यांचे आकडे असत. प्रश्न टोचला की आकडा चढे आणि उत्तर फटकळ येई. आज जो शिकाऊ कोच यंत्राला समोरच्या खुर्चीत बसवतो, तो नकळत या पॅरीचाच वंशज समोर घेतो. पण पॅरीला राग येत असे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रत्यक्ष सराव कसा चालतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पिता येईल. समजा, बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका ही विद्या शिकत आहेत. त्या यंत्राला भूमिका देतात: वय बावन्न, बँकेत नोकरी, नोकरी सोडण्याचा विचार, खरे कारण मनात दडलेले, आणि योग्य प्रश्न आल्याखेरीज ते सांगावयाचे नाही. संभाषण सुरू होते.

'नोकरी सोडावी म्हणतो.'

'का बरं? अजून आठ वर्षं आहेत ना?'

'आहेत. पण कंटाळा आला.'

'मग थोडी रजा घेऊन पाहिलीत का?'

'हो, तेही करता येईल.'

येथे गाडी थांबते. बाईंनी विचारलेले दोन्ही प्रश्न नावापुरते प्रश्न आहेत. मराठीत 'का' हा शब्द शाळेच्या वर्गापासून जबाब मागण्यासाठी वापरला गेला आहे. गृहपाठ का नाही केलास, उशीर का झाला. तो कानी पडताच माणूस बचावाला उभा राहतो. आणि 'रजा घेऊन पाहिलीत का' हा तर प्रश्नचिन्हाचे उपरणे पांघरलेला सल्ला होय. खऱ्या माणसाबाबतीत येथे पहिली भेट वाया गेली असती, कदाचित दुसरी झालीच नसती. यंत्रापुढे मात्र गेलेली वेळ परत आणता येते. बाई तोच माणूस पुन्हा पहिल्या वाक्यापासून मागतात.

'नोकरी सोडावी म्हणतो.'

'हे पहिल्यांदा कधी मनात आलं?'

'मार्चमध्ये. नवे मॅनेजर रुजू झाले त्या दिवशी.'

'नवे मॅनेजर.'

'माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आहे तो.'

दोनच पावले, आणि माणूस कंटाळ्यापासून अपमानापर्यंत आला. दुसऱ्या पावलाला तर प्रश्नही नव्हता. त्याचेच दोन शब्द त्याला परत दिले होते. असा पालट दहा वेळा करून पाहण्याची सोय पूर्वी कोणाला नव्हती. या सरावाचा उपयोग खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या जुन्या जाणकारांनी निदान एक संध्याकाळ तो करून पाहावा.

तथापि खांबाचे दोष खांबाबरोबरच येतात. पहिला दोष असा की हे यंत्र फार लवकर बरे होते. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच ते म्हणू लागते, तुमच्या या प्रश्नाने माझे डोळे उघडले. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. असंख्य उत्तरे माणसांना दाखवून, त्यांना जी आवडली त्यांच्या बाजूने या यंत्राला वळण लावले जाते. आणि माणसाला गोड बोलणे आवडते ही गोष्ट सांगावयास संशोधकाची गरज नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतील एक नवी सुधारणा, यंत्र अतोनात तोंडपुजे झाले म्हणून, काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. अशा यंत्रापुढे महिनाभर बसलेल्या नवशिक्याला आपण सिद्धहस्त झालो असे वाटले तर नवल नाही. तो भ्रम मग कोणाच्या तरी खऱ्या संसारावर जाऊन आपटतो.

माणूस दुखावला की काय करतो, याची एक हकिगत बॅरोज सांगत असत. मज्जाविकारांच्या परीक्षेसाठी मेहनताना देऊन आणलेल्या एका खऱ्या रोग्याशी एक परीक्षार्थी डॉक्टर दांडगाईने वागला. रोगी मुकाट राहिला, पण त्याने आपली लक्षणे बदलून दाखवली आणि त्या डॉक्टरची फजिती केली. रोग्याची भूमिका वठवता येते ही कल्पना बॅरोज यांना या प्रसंगातून मिळाली. समोरच्या खुर्चीतील माणसाच्या हाती एवढी सत्ता असते. तो उत्तरे देत राहतो, मान डोलावतो, आणि पुढच्या मंगळवारी येत नाही. आजचे यंत्र मात्र पुढच्या मंगळवारीही हजर असते. म्हणून शिकणाऱ्याने पॅरीचा राग स्वतःहून मागून घ्यावा. 'मी सल्ला दिला तर आखडून बस, माझी स्तुती करू नकोस, एका वाक्याहून अधिक बोलू नकोस, आणि पटले नाही तर वरवर हो म्हण' असे आधी बजावले, तर यंत्र काही काळ तरी माणसासारखे वागते. काही काळ, कारण संभाषण लांबले की ते भूमिका विसरते आणि स्वतःच कोच होऊन बसते. पाहुण्याने यजमानाला वाढू लागावे तसा तो प्रकार दिसतो.

दुसरा दोष मौनाचा. कोचाच्या कामात शांततेला फार मोल असते. प्रश्न रुतला की माणूस गप्प होतो. त्याचे डोळे खिडकीकडे जातात. ते अर्धे मिनिट नवशिक्याला असह्य होते आणि तो आणखी एक प्रश्न टाकून सगळे विसकटून टाकतो. लिहून बोलणारे यंत्र असे थांबत नाही. प्रश्न पडताच उत्तर तयार. आवाजात बोलणारे यंत्र तर शिकणाऱ्याच्या विरामालाच वाक्याचा शेवट समजते आणि बोलू लागते. उलट शिकणारा तासभर गप्प राहिला तरी लिहिणाऱ्या यंत्राला त्याचे काही वाटत नाही. ज्या शांततेचे कोणालाच ओझे नाही, ती सोसण्याचा सराव होणार कसा?

तिसरा दोष भाषेचा, आणि तो मराठी भाषकांना विशेष जाणवेल. यंत्राचे मराठी बहुधा छापील असते. बेळगावचा माणूस मनातले बोलू लागला की त्यात कानडी शब्द येतात, हैदराबादचा मराठी माणूस दखनीत शिरतो, ग्वाल्हेरचा हिंदीत. आणि भाषा बदलते तो क्षणच पुष्कळदा महत्त्वाचा असतो. वयाने मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणता म्हणता 'काका' कधी म्हणावे, आणि म्हटल्यावर पुतण्याची भूमिका आपल्याकडे येते ती कशी टाळावी, हे कोचाला पदोपदी ठरवावे लागते. यंत्राला 'तू' म्हटले काय, 'आपण' म्हटले काय, सारखेच.

मग या यंत्राची खरी जागा कोणती? तिचा माग पुन्हा एलायझापाशीच लागतो. एलायझाने ज्यांची बोलण्याची ढब उचलली होती, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. सल्ला न देता ऐकण्याची रीत त्यांनी पुढे मांडली, आणि आजच्या कोचाच्या विद्येत त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्यांनी आणखी एक काम केले, ज्याची आठवण कमी निघते. ओहायो राज्य विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, आलेल्या माणसांशी झालेली संभाषणे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित केली. तबकडी थोड्याच मिनिटांत भरे, आणि ती बदलावयास कोणीतरी सतत जागचे न हलता बसावे लागे. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा एका माणसाच्या आठ भेटींचे संभाषण शब्दशः छापले आहे. या तबकड्या ऐकताना सल्लागारांना धक्का बसला तो स्वतःच्याच आवाजाचा. आपण ऐकतो असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, ते प्रत्यक्षात बोलत होते, सुचवीत होते, समोरच्याला आपल्या बाजूला ओढीत होते.

म्हणजे रॉजर्स यांच्याशी दोन यंत्रांचे नाते आहे. एकाने त्यांची नक्कल केली, दुसऱ्याने त्यांना आरसा दाखवला. नकलेची कीर्ती अधिक झाली. शिकणाऱ्याच्या कामाचा मात्र आरसा आहे. आजचे यंत्र दोन्ही होऊ शकते. टिळकवाडीच्या बाईंनी आपल्या सहाध्यायिनीशी, तिच्या संमतीने, अर्ध्या तासाचे संभाषण मुद्रित केले, ते लिहून काढले आणि यंत्रापुढे ठेवून साधी विचारणा केली: माझे शब्द किती आणि तिचे किती? माझ्या कोणत्या प्रश्नांत उत्तर आधीच दडलेले होते? तिने कोणता शब्द पुन्हा पुन्हा वापरला, जो मी एकदाही उचलला नाही? यंत्र मोजणीत चुकू शकते, म्हणून ती हाताने पडताळावी. परंतु मोजण्यासाठी वाक्ये पुन्हा वाचावी लागतात आणि शिक्षण त्या वाचण्यात होते. 'मी कशी बोलले?' असे मात्र विचारू नये. त्या प्रश्नाला यंत्राकडे एकच उत्तर असते, आणि ते गोड असते.

आरशापुढे काय ठेवावे याचे पथ्य कडक हवे. विश्वासाने आलेल्या खऱ्या माणसाचे बोलणे, नाव वगळून का होईना, त्याला न विचारता यंत्रात घालणे म्हणजे बंद दाराआड ऐकलेले चव्हाट्यावर बोलण्याच्या फार जवळचे आहे. टिळकवाडीसारख्या वस्तीत नावाची गरजही नसते. बँक, वय आणि हाताखाली शिकलेला मॅनेजर एवढे सांगितले की अर्धी गल्ली ओळखते. भारतात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण हे पथ्य कायद्याहून जुने आहे.

एका प्रसंगाची तालीम तर यंत्रापुढे पुरी होतच नाही. नोकरीविषयी बोलता बोलता माणूस सहज म्हणून जातो, 'आता जगून तरी काय करायचंय!' आपल्या भाषेत हे वाक्य त्रासाने, थट्टेने, सवयीनेही उच्चारले जाते, आणि कधी कधी अगदी खरे म्हणून. कोचाने तेथे थांबून, आवाज न चढवता, स्पष्ट विचारले पाहिजे: 'म्हणजे जीव देण्याचा विचार मनात येतो का?' असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे आता जाणकारांत मान्य आहे. उत्तर 'हो' आले तर कोचाचे काम तेथे संपते आणि त्या माणसाला योग्य हाती नेऊन पोचवण्याचे सुरू होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोचाला तोंडपाठ असावा. यंत्राला या भूमिकेत घातले की ते पुष्कळदा भूमिका टाकून देते आणि मदतीचे क्रमांक सांगू लागते. त्याच्या परीने ते योग्यच. पण त्यामुळे तो प्रश्न विचारताना घसा कोरडा पडणे, उत्तराची वाट पाहणे, आणि ऐकल्यावर चेहरा शांत ठेवणे, हे जिवंत माणसाबरोबरच शिकावे लागते.

म्हणून जुन्या अभ्यासवर्गांतील तिघांची बैठक टिकवून ठेवण्यासारखी आहे. एकाने कोच व्हावे, एकाने बोलणारा, आणि तिसऱ्याने बाजूला बसून नुसते पाहावे. मग जागा बदलाव्यात. घरी, बैठकीआधी, खांबावर हवा तितका सराव करावा. बैठकीत यंत्राला जागा द्यावयाची झालीच तर ती तिसऱ्या खुर्चीच्या शेजारी, टिपणे घेणाऱ्या कारकुनाची. टिळकवाडीच्या बाईंच्या त्या अर्ध्या तासाच्या लिखित संभाषणात एके ठिकाणी नुसते 'बरं आहे सगळं' असे तीन शब्द आहेत, आणि यंत्राने ते समाधानाचे उत्तर म्हणून मोजले. तिसऱ्या खुर्चीत बसलेल्या मैत्रिणीने तेवढ्याच वेळात टिपले होते की हे म्हणताना सहाध्यायिनीने पदराचे टोक बोटाला तीनदा गुंडाळले, सोडले, आणि पुन्हा गुंडाळले.